रस्ता वर, पाणी खाली: साताऱ्याच्या सड्यांवरची ग्रॅव्हल सायकल

चाळकेवाडीच्या पठारावर पहिल्यांदा सायकल घेऊन गेलो तेव्हा दोन बाटल्या काठोकाठ भरून नेल्या होत्या आणि आपण फार शहाणपणा केला असं वाटत होतं. साडेअकराला दोन्ही ठणठणीत. डोक्यावर पवनचक्क्या गरगरतायत, चहूकडे कंबरेएवढं वाळलेलं गवत आणि प्यायला घोट नाही. शेरडं राखणारे एक आजोबा भेटले. पाण्याचं विचारलं तर माझ्याकडे, मग सायकलकडे आणि पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "वर कुटलं आलंय पाणी, पाव्हणं? पाणी खाली. त्यो आंबा दिसतोय का? तितं उतरा."

आंब्यापर्यंत दहा मिनिटं उतरलो. पठाराच्या कडेला अगदी बिलगून सात-आठ घरांची वाडी, वाडीच्या वरच्या अंगाला दगडाने बांधलेला झरा, आणि झऱ्यावर पितळी कळशी घासत बसलेली एक म्हातारी. पाणी दात शिवशिवतील एवढं गार. तेव्हापासून या भागातला कुठलाही मार्ग आखताना मी आधी नकाशावर वाड्या शोधतो आणि रस्ता मागाहून. ग्रॅव्हल सायकलिंगला निघणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं एवढंच, की इथे किलोमीटर मोजू नका, पाणवठे मोजा.

यामागचं कारण पायाखालीच आहे. सातारा, जावळी आणि पाटण या तालुक्यांतल्या उंच सपाट माथ्यांना इथले लोक 'सडा' म्हणतात. सड्यावर जांभा दगडाचं टोपण असतं. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, पावसाळ्यात पडलेलं पाणी तो पिऊन टाकतो. ते मुरत मुरत खालच्या काळ्या कातळापर्यंत जातं, तिथे अडतं, आडवं सरकतं आणि पठाराच्या ओठाखाली झरा होऊन बाहेर येतं. म्हणून वर चार महिने धो धो पाऊस कोसळूनही डिसेंबरनंतर सडा कोरडा पडतो आणि वस्ती कायम कडेखाली सापडते. एखाददुसरं गुरांचं तळं वर असतं, पण ते गुरांसाठीच ठेवावं.

आता रस्त्यांबद्दल. परदेशी व्हिडिओ बघून ग्रॅव्हल म्हटल्यावर एकसारखी, चाळलेली, पांढरट खडी डोळ्यांसमोर येते. ती इथे मिळणार नाही. इथे मिळतो तो मुरूम. कुठे घट्ट बसलेला, कुठे डबर वर आलेलं, कुठे नुसता तांबडा फुफाटा, आणि मध्येच शंभर मीटर उघडा जांभा, ज्यावरून जाताना दातावर दात आपटतात. तरीही या भागात ग्रॅव्हल सायकलीला सोन्यासारखे रस्ते आहेत, आणि ते पवनचक्क्यांनी दिले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून चाळकेवाडी, वनकुसवडे, सडावाघापूर या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहत गेल्या. लांबलचक पाती घेऊन जाणारे ट्रेलर वर न्यायचे म्हणजे रस्ता रुंद हवा, वळणं ऐसपैस हवीत आणि चढ एकदम अंगावर येणारा नको. त्या कामासाठी केलेले हे कच्चे रस्ते आज बहुतेक वेळ रिकामे असतात. तासभर चालवलं तरी देखभालीची एखादी जीप दिसली तर दिसली.

त्यात एक मेख आहे. प्रत्येक पवनचक्कीला मुख्य रस्त्यापासून एक फाटा जातो आणि चक्कीच्या पायथ्याशी संपतो. मोबाईलवरचा नकाशा हे सगळे फाटे रस्ते म्हणूनच दाखवतो. धुकं असलं की अशा चार फाट्यांवर जाऊन परत येण्यात अर्धा तास सहज जातो. ओळखायची खूण सांगतो. फाट्यावरच्या दोन चाकोऱ्यांच्या मधोमध गवत वाढलेलं असतं, मुख्य रस्त्यावर मधला पट्टाही झिजलेला असतो. शिवाय मुख्य रस्त्यावर शेण दिसतं. गुरं चक्की बघायला जात नाहीत, ती घराकडे जातात. शेणाच्या मागे गेलात तर वाडी लागतेच.

पहिल्यांदाच येणाऱ्याने सातारा ते चाळकेवाडी आणि परत हा मार्ग घ्यावा. अंतर एका बाजूला साधारण तीस किलोमीटर. साताऱ्यातून समर्थ मंदिराकडून बोगदा ओलांडला की शहर मागे पडतं. सज्जनगडाच्या फाट्यापर्यंत पाय गरम होतात, उजव्या हाताला उरमोडी धरणाचं पाणी दिसू लागतं. तिथून ठोसेघरपर्यंत चढ, मध्ये थोडी उसंत, पुन्हा चढ. ठोसेघरला धबधबा आहे, त्यामुळे हॉटेलंही आहेत. मात्र पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे सायकल आणू नये. गाड्यांची रांग, मक्याच्या कणसांचा धूर आणि घाटात उलट्या बाजूने घुसणारे हौशी लोक, यात मजा नाही. नोव्हेंबरात एखाद्या मंगळवारी या, तोच रस्ता तुमच्या एकट्याचा असतो.

चाळकेवाडीपर्यंत डांबर आहे. खरी राइड तिथून पुढे. पहिल्या फेरीला पठारावर दहा-बारा किलोमीटर आत जाऊन त्याच वाटेने परत या. 'परत त्याच रस्त्याने काय जायचं' असं तरुण मंडळी म्हणतात. पण सड्यावर जातानाचा आणि येतानाचा रस्ता एक नसतो. हिवाळ्यात सकाळी वारा बहुधा पूर्वेकडून येतो, दुपारनंतर कोकणातून वर चढणारा वारा आडवा येतो. पवनचक्क्या उगाच इथे बांधलेल्या नाहीत. जाताना ताशी अठराने गेलेली सायकल येताना नऊवर येते. माझा हिशेब असा, की दिवसभरात पाण्यावर आणि पायांवर जेवढा खर्च करायचा त्यातला निम्मा परतीसाठी राखून ठेवायचा आणि अकराच्या सुमारास तोंड फिरवायचं.

परतताना सज्जनगडावर थांबता येतं. गाडीतळापर्यंत रस्ता आहे, पुढे पायऱ्या. समर्थ रामदासांची समाधी असलेल्या या गडावर दुपारी महाप्रसाद असतो. घामाने भिजलेली सायकलची जर्सी आणि तंग चड्डी या वेषात पंगतीला बसू नये, एवढं भान असावं. मी पिशवीत एक पातळ लुंगी ठेवतो. ती गडावर चालते, झाडाखाली अंथरायला चालते, आणि एकदा फाटलेल्या टायरच्या आतून तिची घडी लावून घरी आलोय.

दुसरा मार्ग दोन दिवसांचा आणि अंगात थोडी रग असलेल्यांसाठी. चाळकेवाडीहून मागे न फिरता पठार धरून वनकुसवड्याच्या बाजूने पाटणकडे उतरायचं. नकाशावर हे अंतर बघून 'एवढंच?' असं वाटतं. या पट्ट्यात ताशी दहाच्या हिशेबाने चला. डबर, उघडा जांभा, फाट्यांचा घोळ आणि उतारावरचा फुफाटा यांत वेळ जातो. पाटणला मुक्काम करायचा. तालुक्याचं गाव आहे, लॉज आहेत, खानावळी आहेत, ग्रामीण रुग्णालय आहे, सायकलचं दुकानही आहे. तिथे ट्यूबलेसचं सामान मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटणहून सडावाघापूरचा घाट चढायचा. जेवण न पचलेल्या पोटाने तो चढू नये. वरचा मुख्य रस्ता डांबरी आहे, खडीची हौस आजूबाजूच्या पवनचक्क्यांच्या रस्त्यांवर भागवायची आणि मग तारळ्याला उतरायचं. पावसाळ्यात सडावाघापूरचा उलटा धबधबा बघायला गर्दी लोटते. दरीतून वर येणारा वारा पाणी परत पठारावर फेकतो. ज्या कड्यावर वारा पाण्याला उलटं वळवतो तिथे सायकलस्वाराला आडवा पाडायला त्याला कितीसा वेळ लागणार? कडेपासून चार हात लांब राहावं.

तिसरा मार्ग पाण्यातून जातो. सातारा, यवतेश्वरचा घाट, कास, बामणोली. साताऱ्याहून कास पंचवीस किलोमीटर, बामणोली आणखी बारा-तेरा. कासपासून बामणोलीचा उतार झाडीतून आहे आणि अतिशय देखणा आहे. बामणोली शिवसागराच्या काठावर आहे, म्हणजे कोयना धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या टोकाकडे. इथे बोट क्लब आहे. सायकल आडवी टाकून लाँचने तापोळ्याला जाता येतं. बोटवाल्याशी सायकलींचं आधी बोलून घ्या आणि पाण्यावर असताना लाइफ जॅकेट काढू नका. चढण्यापूर्वी चेनवर फडकं गुंडाळा, नाहीतर शेजारच्या मावशींच्या लुगड्यावर काळा पट्टा उमटतो आणि पुढचा तासभर बोलणी खावी लागतात. तापोळ्याला मुक्काम करावा. घरगुती सोयी बऱ्याच आहेत. नाचणीची भाकरी, मासे, वरण-भात. सकाळी तिथून महाबळेश्वरचा चढ सुरू होतो, सव्वीस-सत्तावीस किलोमीटरमध्ये सुमारे सातशे मीटर. डांबरी आहे, पण जंगलातून जाणारा आहे आणि सकाळच्या गारव्यात त्याच्यासारखा चढ नाही. महाबळेश्वरहून केळघरचा घाट उतरून मेढ्यामार्गे सातारा. केळघरच्या घाटात ब्रेक तापतात. डिस्क असली तरी मध्ये एकदा थांबून त्यांना निवू द्यावं.

कासबद्दल थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे. पश्चिम घाटातली जी ठिकाणं २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली त्यांत कास आहे. फुलांच्या हंगामात, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, तिथे शुल्क आणि नोंदणी असते. सायकल हे प्रदूषण न करणारं वाहन असल्यामुळे आपल्याला कुठेही जायची मुभा आहे अशी आपल्या मंडळींची एक गोड समजूत असते. एकदा गुडघे टेकून तो सडा जवळून बघा. जांभ्यावर जेमतेम बोट-दोन बोटं माती. तिच्यात सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं, किडे खाणारी दवबिंदू, आणि इतर कितीतरी वनस्पती ज्यांची मुळं त्या दोन बोटांच्या मातीतच आडवी पसरतात. ओल्या मातीवरून चाळीस मिलिमीटरचा टायर एकदा गेला की चर पडतो, पुढच्या सरीत पाणी त्याच चरातून धावतं आणि माती घेऊन जातं. म्हणून रस्ता सोडून सड्यावर सायकल घालायची नाही, फोटोसाठी सुद्धा नाही. हे फक्त कासपुरतं नाही, चाळकेवाडी आणि सडावाघापूरलाही तसंच आहे.

जंगलाचा नियम आणखी कडक. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या गाभा क्षेत्रात सायकल न्यायची नाही. वासोट्याला बामणोलीहून जाणारे लोक वनखात्याची परवानगी काढून, बोटीने आणि मग पायी जातात. प्रकल्पाबाहेरच्या रस्त्यांवरही जनावरं असतातच. बिबट्या दिसत नाही, अस्वल क्वचित, पण गवा दिसतो. मला तो दिसला कासहून उतरताना, संध्याकाळी सहाच्या सुमारास, वळणावर. आधी वाटलं कुणीतरी काळा ट्रॅक्टर लावून गेलंय. मग ट्रॅक्टरने मान वळवली. गुडघ्यापर्यंतचे पाय पांढरे मोजे घातल्यासारखे, आणि नाकातून सोडलेला श्वास वीस हातांवरून ऐकू येत होता. अशा वेळी घंटी वाजवू नये, ओरडू नये, मोबाईल तर काढूच नये. थांबावं, हळूहळू मागे सरावं, त्याला त्याची वाट पुरी करू द्यावी. मागून आणखी येतात, म्हणून पहिला गेल्यावर लगेच निघायची घाई नको. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पाचच्या आत मुक्कामाला पोचणं. अंधारातल्या उताराला पुढचा दिवा कितीही मोठा असला तरी पुरत नाही.

धनगरांच्या कुत्र्यांचा अनुभव मात्र गव्यापेक्षा वरचेवर येतो. पळायचा प्रयत्न केलात तर ते जिंकतात. खाली उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि चालत राहा. मालकाची एक हाक आली की प्रकरण मिटतं.

ऋतूचं म्हणाल तर दसरा ते महाशिवरात्र. दसऱ्याच्या आसपास परतीचा पाऊस दुपारी विजांसकट येतो. उघड्या सड्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे पवनचक्की आणि त्यानंतर तुम्ही. ढग काळवंडायला लागले की चक्कीच्या खांबाला टेकून न बसता कडेखालच्या वाडीकडे उतरायला लागा. महाशिवरात्रीनंतर ऊन तापतं आणि वाळलेल्या गवताला वणवे लागतात. लांबवर धुराची रेघ दिसली तर वाऱ्याची दिशा बघा आणि त्या बाजूचा बेत सोडून द्या. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ चढतं, तांबडी माती टायर आणि फ्रेमच्या फटीत थापून चाक फिरेनासं होतं. मी जुलैत एकदाच गेलो. सायकल खांद्यावर घेऊन सात किलोमीटर चाललो.

सायकल कोणती, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. खाली वळलेल्या हँडलची खास ग्रॅव्हल बाईक असेल तर उत्तम. नसेल तर चाळीसचा टायर बसणारी हायब्रीड चालेल, जुनी एमटीबी तर धावेल. तीन गोष्टींत तडजोड नको. पहिली, टायर चाळीस ते पंचेचाळीस मिलिमीटर. सत्तर किलोच्या माणसाने ट्यूबलेसमध्ये पस्तीस ते चाळीस पीएसआय ठेवावं, ट्यूब असेल तर चार-पाच जास्त. मऊ वाटावं म्हणून हवा फार कमी केली तर जांभ्याच्या कडेवर रिम आपटते. दुसरी, सगळ्यात हलका गिअर खरोखर हलका हवा, म्हणजे पुढच्या चक्राचे दात मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राइतके किंवा त्याहून कमी. मुरमावर उभं राहून पायडल मारलं की मागचं चाक जागेवर फिरतं, बसूनच चढावं लागतं, म्हणून हे. तिसरी, पिशवीत तुमच्याच सायकलचा जादा हँगर.

हँगर म्हणजे मागचा डिरेल्युअर जिथे अडकवलेला असतो तो बोटभर ॲल्युमिनियमचा तुकडा. माझा तुटला तो वनकुसवड्याच्या पट्ट्यात, दुपारी दोन वाजता, गवतात लपलेल्या दगडाला लागून. पठारावर ढग बसला होता, वीस फुटांपलीकडे दिसत नव्हतं, मोबाईलला रेंज नव्हती. पवनचक्कीचा आवाज येत होता, चक्की दिसत नव्हती. आवाजाच्या दिशेने सायकल ढकलत गेलो तर रखवालदाराची पत्र्याची खोली लागली. त्या माणसाने काही न विचारता स्टोव्ह पेटवला, गुळाचा चहा केला, आणि मग म्हणाला, "दादा, ह्याला टायमिंग न्हाई. ढग कवाबी बसतो. बसला की आपुन बी बसायचं." तासाभराने ढग उठला. चेन कापून एकाच गिअरवर सायकल जोडली आणि मुख्य रस्त्यापर्यंत आलो. तिथून वडापच्या जीपने खाली. जीपच्या टपावर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी सायकल बांधली होती, भाडं माणशी घेतात तेवढंच सायकलचं घेतलं.

वडाप हा तुमचा विमा आहे हे ध्यानात ठेवा. वस्तीवरून तालुक्याला जाणाऱ्या जीप सकाळी भरतात, दुपारी परततात, संध्याकाळी मिळत नाहीत. एसटीही आहे, पण नव्या गाड्यांना टप नसतो, सायकल घ्यायची की नाही हे कंडक्टरच्या मनावर. बेत आखताना शेवटची एसटी वाडीतून किती वाजता सुटते हे विचारून ठेवा. अपघात झालाच तर १०८ ला फोन करायचा, आणि त्यासाठी रेंज कुठल्या टेकाडावर येते हे वाडीतलं शाळकरी पोरगं सगळ्यात अचूक सांगतं.

वाडीत उतरलात की काय करायचं, यालाही एक रीत आहे. झऱ्यावर थेट बाटली बुडवू नये. बायका पाणी भरत असतील तर थांबावं, विचारावं, त्या स्वतःच भरून देतात. चपला-बूट झऱ्याच्या दगडी बांधकामाच्या खालीच काढावेत. हातपाय धुवायचे तर झऱ्यापासून दूर, जिथे पाणी शेतात जातं तिथे. जेवणाचं विचारायचं असेल तर सकाळी जातानाच सांगून जावं: "दुपारी तिघं येऊ, भाकरी मिळेल का?" अचानक दीडला जाऊन उभं राहिलात तर नाही कुणी म्हणणार नाही, पण घरातली त्यांच्यासाठी केलेली भाकरी तुमच्या ताटात येईल. पैसे घेताना संकोचतात. हातात न देता ताटाखाली ठेवावेत किंवा घरातल्या मोठ्या बाईकडे द्यावेत. रात्र काढायची वेळ आली तर देवळाचा सभामंडप बरा, पण पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना सांगून. आणि शेकोटी करायची नाही, कुणी आग्रह केला तरी.

पाणी माणशी तीन लिटर घेऊन निघा. दोन बाटल्या फ्रेमला, एक लिटर पाठीवर. खायला चिक्की, शेंगदाणे, गूळ, आणि थोडं मीठ-साखर. साताऱ्यातून निघताना कंदी पेढे घ्यायचा मोह होतो. घ्या, पण उन्हात त्यांचा लगदा होतो, तेव्हा पहिल्याच चढाला संपवून टाका.

शेवटची सूचना दुसऱ्या मार्गावरच्या तारळ्याच्या उताराबद्दल. दोन दिवसांची फेरी पुरी होत आलेली असते, पाय सैल पडलेले असतात आणि रस्ता खाली खाली जातो. नेमके इथेच लोक पडतात. वळणावर ट्रॅक्टरने सांडलेली वाळू असते, उसाच्या हंगामात चिपाडं पडलेली असतात. वळणाच्या आधी ब्रेक लावा, वळणात नको. खाली बाजारपेठेत चहा घ्या, चाकांना आणि चेनला लागलेला तांबडा फुफाटा फडक्याने झाडा. तिथून महामार्ग गाठून सातारा. त्यापुढचं सगळं डांबर आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.